बँकॉक ते को सामुई: एका चिठ्ठीवरचा बस-बोट प्रवास आणि त्यातली लूट

बँकॉकहून थायलंडच्या आखातातल्या को सामुई, को फांगान किंवा को ताओ या बेटांवर जाताना सामुईपर्यंत विमान घेतलं तर खिसा चांगलाच हलका होतो. म्हणून आपल्याकडची बरीच मंडळी रात्रीची बस आणि सकाळची बोट असं ‘जॉइंट तिकीट’ काढतात. त्यात चूक काहीच नाही. योग्य ठिकाणी काढलं तर हा प्रवास स्वस्तही पडतो आणि सुखाचाही होतो. पण बँकॉकमधला पर्यटकांचा खाओ सान रोड आणि आसपासच्या गल्ल्यांत टेबल मांडून बसलेल्या दुकानांतून जे तिकीट मिळतं, त्यावर लोक कित्येक वर्षं त्याच त्या पद्धतीने लुटले जाताहेत. पद्धत ठरलेली आहे, म्हणून आधी कळली तर टाळताही येते.

सुरुवात तिकिटापासूनच होते. दुकानाच्या भिंतीवर चकचकीत डबलडेकर बसचा फोटो असतो. पैसे घेऊन हातात दिली जाते ती कार्बन पेपर घालून लिहिलेली एक चिठ्ठी. त्यावर ‘बँकॉक–सामुई, व्हीआयपी बस आणि बोट’ एवढंच. बस कोणाची, गाडी नंबर काय, सीट कुठली, बोट कोणत्या कंपनीची, कोणत्या धक्क्यावरून आणि किती वाजताची, यातलं काहीही नसतं. तारीख पुष्कळदा थाई बौद्ध वर्षात असते. आपल्या वर्षात ५४३ मिळवले की त्यांचं वर्ष येतं, म्हणजे २०२६ साठी २५६९. तेव्हा दिवस आणि महिना दुकानातच बोट ठेवून वाचून घ्या. चुकीच्या तारखेची चिठ्ठी घेऊन बसपाशी उभं राहिलात तर नवीन तिकिटाशिवाय पर्याय उरत नाही.

चिठ्ठी मोघम असते त्याला कारण आहे. हा प्रवास तीन तुकड्यांचा आहे: बँकॉक ते सुरात थानी रात्रीची बस, सुरात थानी ते डोनसाकचा धक्का दुसरी गाडी आणि तिथून बोट. तिन्ही तुकड्यांचे मालक वेगळे. दुकानदार सगळे पैसे स्वतः घेतो आणि पुढच्या माणसाला जमेल तितके कमी देतो. त्या पुढच्याला मिळालेल्या पैशांत ट्रिप परवडत नाही, मग तो उरलेली वसुली प्रवाशाकडूनच करतो. अधिकृत बसचं भाडं आणि बोटीचं भाडं यांची बेरीज करून बघा. चिठ्ठीची किंमत त्याहून कमी असेल, तर तो फरक रात्रीतून कुठून तरी भरून काढला जाणार हे धरून चाला.

‘व्हीआयपी’ या शब्दावर तर जाऊच नका. थायलंडच्या अधिकृत लांब पल्ल्याच्या बससेवेत व्हीआयपी म्हणजे २४ सीटची गाडी, एका बाजूला दोन आणि दुसऱ्या बाजूला एक अशी बैठक. त्याखालोखाल ३२ सीटची. खाओ सानच्या दुकानांत मात्र चाळीसहून जास्त सीटच्या जुन्या पर्यटक बसलाही व्हीआयपीच म्हणतात, आणि प्रवासी कमी भरले तर त्याच चिठ्ठीवर मिनीव्हॅनमध्ये कोंबतात. विचारायचं तर ‘व्हीआयपी आहे का’ असं विचारू नका, ‘किती सीटची गाडी’ ते विचारा आणि तो आकडा चिठ्ठीवर लिहून घ्या. लिहून द्यायला कां-कू केली की समजून जायचं.

आता सामानाच्या कप्प्याबद्दल, कारण सगळ्यात मोठं नुकसान तिथे होतं. बस संध्याकाळी सहा-सातला निघते आणि सुरात थानीला पहाटे पाच-सहाला पोचते. अंतर साधारण साडेसहाशे किलोमीटर. सॅका आणि बॅगा सगळ्या खालच्या कप्प्यात जातात. काही बसमध्ये या कप्प्यात माणूस बसलेला असतो आणि लोक वर झोपले की तो एकेक बॅग निवांत उघडतो. ही ऐकीव भुताटकी नव्हे. प्रवास-मार्गदर्शकांत वर्षानुवर्षं याचा इशारा छापला जातोय.

आपण झिपला छोटं कुलूप लावतो आणि निर्धास्त होतो. ते कुलूप इथे कामाचं नाही. सॅकची नायलॉनची झिप बॉलपेनचं टोक दाबून मधूनच उकलता येते. आत हात घालून काम झालं की कुलपासकट दोन्ही सरक्या त्या फटीवरून एकदा पुढे-मागे ओढल्या की दात पुन्हा जुळतात. कुलूप जागच्या जागी, झिप बंद, कपड्यांच्या घड्याही जवळपास तशाच. शिवाय सराईत हात सगळं पाकीट उचलत नाही. नोटांच्या जुडीतून चार-पाच नोटा काढून बाकीची जुडी तशीच ठेवतो. माणूस बेटावर पोचतो, दोन दिवसांनी पैसे मोजतो आणि खर्चाचा हिशोब चुकला असेल म्हणून स्वतःलाच दोष देतो. अशा चोरीची तक्रार कुठेच होत नाही आणि तोच गडी पुढच्या आठवड्यात पुन्हा कप्प्यात बसतो.

म्हणून रोख रक्कम, कार्डं, पासपोर्ट, कॅमेरा, हार्ड डिस्क यांतलं काहीही खालच्या कप्प्यात जाता कामा नये. हनिमूनला निघालेल्या जोडप्यांना कळकळीने सांगणं आहे: परदेशात नको म्हणून मंगळसूत्र आणि बांगड्या काढून मोठ्या बॅगेत तळाला ठेवता, ती जागा सगळ्यात धोक्याची. दागिने घरी ठेवून या, नाहीतर अंगावर कपड्यांच्या आत. पैसे कमरेच्या सपाट पट्ट्यात. वरच्या रॅकवरची छोटी बॅगही सुरक्षित नाही. मध्यरात्री जेवणासाठी बस थांबते तेव्हा सगळ्यांना खाली उतरायला लावून दार बंद केलं जातं. ती बॅग पाठीवर घेऊनच उतरा, आणि झोपताना तिचा पट्टा पायात अडकवा.

पैशांच्या जुडीत एका कागदावर एकूण रक्कम पेन्सिलीने लिहून ठेवायची सवय फार उपयोगाची. मग ‘मीच खर्च केले असतील’ हा घोळ राहत नाही.

लुटीचा दुसरा भाग सुरात थानीत. हे नाव आपल्याला ओळखीचं वाटतं ते उगाच नाही. राजा वजिरावुध (सहावा राम) याने १९१५ मध्ये हे नाव दिलं ते आपल्या शेजारच्या सुरतेवरून, आणि गावाजवळून वाहणाऱ्या नदीचं नावही तापी ठेवलं. नावाचा अर्थ सज्जनांचं गाव. गावच्या लोकांबद्दल तक्रार नाही. पण खाओ सानची बस गावातल्या बसस्थानकात जातच नाही. ती पहाटे अंधारात शहराबाहेरच्या एखाद्या दुकानापुढे थांबते आणि रिकामी होऊन निघून जाते.

दुकानातली माणसं लगबगीने पुढे येतात, ‘चिठ्ठी द्या, बोटीचं तिकीट देतो’ म्हणतात. चिठ्ठी हातातून गेली की प्रवाशाकडे पैसे भरल्याचा पुरावा संपला. अर्ध्या तासाने उत्तर येतं ते ठरावीक तीन उत्तरांपैकी एक: चिठ्ठी फक्त बसची होती; तुमची बोट भरली, पुढची दुपारी, पण तीनशे-चारशे बाथ जास्त दिले तर आत्ताच्या फास्ट बोटीत बसवतो; किंवा बेटावर हॉटेलं भरलीत, इथूनच बुक करा. को फांगानच्या पौर्णिमेच्या पार्टीच्या आठवड्यात हे तिसरं उत्तर हमखास मिळतं. रात्रभराचा जागरलेला, अनोळखी रस्त्यावर उभा असलेला माणूस पैसे देऊन मोकळा होतो. त्या जागेची निवडच तशी केलेली असते, जवळपास टॅक्सी नाही, दुसरं दुकान नाही.

इथे तीन गोष्टी करा. चिठ्ठीचे दोन्ही बाजूंचे फोटो बँकॉकमध्येच काढून ठेवा. मूळ चिठ्ठी हातात धरूनच दाखवा. बोटीचं छापील तिकीट समोर आल्यावर अदलाबदल. आणि जास्त पैसे मागितले तर वाद घालत बसू नका, फोनवरच्या ग्रॅब किंवा बोल्ट अ‍ॅपवरून गाडी बोलवा आणि ‘तलाद कासेत’ असं सांगा. त्या बाजारानजीकच्या बसथांब्यांवरून डोनसाकच्या गाड्या मिळतात. डोनसाक सुरात थानीपासून साधारण सत्तर किलोमीटर, तासाभराहून जास्त वेळ. धक्क्यावर बोट कंपन्यांच्या स्वतःच्या खिडक्या आहेत. कार-फेरीचं (गाड्याही नेणाऱ्या मोठ्या बोटीचं) सामुईचं भाडं दोनशे बाथच्या आसपास, वेळ दीड तास. को फांगानला अडीच तास. म्हणजे चिठ्ठी पूर्ण बुडाली असं समजून स्वतः गेलात तरी खर्च आवाक्यातला असतो. हे एवढं आधी माहीत असलं की त्या पहाटे घाबरायला होत नाही.

को ताओला जाणाऱ्यांचा रस्ता वेगळा. त्यांनी सुरात थानीपर्यंत जाऊच नये. को ताओ सुरात थानीच्या वाटेवरच्या चुम्फॉन या गावाहून जवळ, कॅटामरानने (दोन सांगाड्यांच्या वेगवान बोटीने) पावणेदोन तासांच्या आसपास. तरीही काही दुकानदार को ताओचं गिऱ्हाईक सुरात थानीच्या बसमध्ये बसवतात, कारण त्या बसमध्ये जागा रिकामी असते. मग सामुई, फांगान असं फिरत माणूस संध्याकाळी को ताओला पोचतो. चिठ्ठीवर ‘चुम्फॉन’ हा शब्द लिहून घेतल्याशिवाय पैसे देऊ नका.

सरळ मार्ग कोणता? सगळ्यात सोपा म्हणजे बोट कंपनीकडूनच बस आणि बोट दोन्ही घ्या. लोमप्रायासारख्या कंपनीचं स्वतःचं ऑफिस खाओ सानलगतच्या रामबुत्री गल्लीत आहे; बस त्यांची, धक्का त्यांचा, बोट त्यांची, तिकिटावर वेळा छापलेल्या. मधे हात बदलत नाहीत हाच मोठा फायदा. भाडं जास्त वाटतं, पण वर सांगितलेली बेरीज लक्षात घ्या.

दुसरा मार्ग सरकारी बसचा. ती दक्षिणेच्या बसस्थानकावरून सुटते. त्याला साय ताय माय म्हणतात, नदीपलीकडे तालिंग चानमध्ये, खाओ सानपासून दहाएक किलोमीटर. टॅक्सीवाल्याला नाव सांगा आणि मीटर लावून घ्या. खाओ सानवर कोणी ‘सरकारी बस इथूनच सुटते’ म्हणालं तर ते खोटं आहे. तिथून सरकारी बस सुटत नाही. तिसरा मार्ग रेल्वेचा, आणि कुटुंब बरोबर असेल तर आमची शिफारस याचीच. दक्षिणेच्या लांब पल्ल्याच्या गाड्या जानेवारी २०२३ पासून हुआ लाम्फोंगऐवजी बांग सू भागातल्या क्रुंग थेप अपिवात या नव्या स्थानकावरून सुटतात. जुन्या ब्लॉगवर विसंबून हुआ लाम्फोंगला गेलात तर गाडी चुकेल. स्लीपरचा खालचा बर्थ घ्या, तो रुंद असतो आणि बॅग नजरेसमोर राहते. सुरात थानीचं रेल्वे स्थानक गावात नाही, फुनफिनला आहे, गावापासून बारा-तेरा किलोमीटरवर. बोट कंपन्यांच्या बस फुनफिनहून थेट धक्क्यावर जातात. बोटीचं तिकीट घेतानाच फुनफिनपासूनचं घ्या.

धक्क्यावर कर्मचारी शर्टाला रंगीत स्टिकर लावतात. तो बेटाचा रंग असतो, फसवणूक नव्हे. स्टिकरवरचं नाव मात्र वाचा, कारण एकच बोट दोन-तीन बेटं करते आणि मधल्या बेटावर उतरलात तर पुढचं तिकीट नव्याने काढावं लागतं.

पावसाचं गणितही वेगळं आहे. आपल्याला जून-सप्टेंबर म्हणजे पावसाळा हे डोक्यात पक्कं. थायलंडच्या आखातातल्या या बेटांवर मोठा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये ईशान्य मोसमी वाऱ्यांचा, नोव्हेंबर सगळ्यात वाईट. समुद्र खवळला की बोटी बंद होतात. बोट कंपनीचं तिकीट असेल तर खिडकीवर पुढच्या बोटीचं बोलता येतं. चिठ्ठीवाल्यांना मात्र बँकॉकचा दुकानदार फोनवर सापडत नाही. दिवाळीच्या सुट्टीत निघणाऱ्यांनी परतीच्या विमानाआधी बँकॉकमध्ये एक पूर्ण दिवस मोकळा ठेवावा. आणि परतीचं जॉइंट तिकीट जाताना घेऊ नका. ‘रिटर्न घेतलं तर स्वस्त’ म्हणून दिलेली दुसरी चिठ्ठी बेटावरच्या एजंटला मान्य नसते, असं वारंवार घडतं.

एवढं करूनही बॅगेतून काही गेलं तर वेळ बेटावर घालवू नका. बसमधून उतरल्यावर, ती निघून जायच्या आत, तिथेच बॅग उघडा आणि जुडी मोजा. पैसे कमी निघाले तर गाडीच्या नंबर प्लेटचा आणि कंडक्टरच्या बाजूच्या दाराचा फोटो घ्या, मग पर्यटक पोलिसांना ११५५ वर फोन करा. इंग्रजीत बोलता येतं. प्रवास विम्याच्या दाव्याला पोलिसांचा लेखी रिपोर्ट लागतो, आणि बहुतेक पॉलिसी तो २४ तासांच्या आतला मागतात. कार्ड जागेवर दिसत असलं तरी बँकेच्या अ‍ॅपमधून त्याच क्षणी बंद करा, कारण रात्रीतून त्याचा नंबर उतरवून घेतलेला असू शकतो आणि त्यावरची खरेदी तुम्ही सामुईच्या बोटीवर, नेटवर्कबाहेर असताना होते.