उबेतला घात: एका मिररलेस कॅमेऱ्याबरोबरचे आठ महिने

हा कॅमेरा घेऊन आठ महिने झाले. त्याचे मेगापिक्सेल किती, सेन्सर कोणत्या आकाराचा आणि सेकंदाला किती फोटो निघतात हे वाचकांना माझ्याइतकेच ठाऊक असणार, म्हणून त्यात मी शिरत नाही. ऐन हिवाळ्यात देशाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत आम्ही 19 दिवसांचा प्रवास गाडीने केला, त्यात या कॅमेऱ्याने मला जेवढे छळले तेवढे आजवर दुसऱ्या कोणत्याही वस्तूने छळलेले नाही. त्या छळाचे मूळ सापडल्यावर माझे मत बरेच बदलले, पण राग मात्र पुरता गेलेला नाही, आणि या लेखात तो जागोजागी दिसेल याची मला कल्पना आहे.

तक्रार बॅटरीची होती. घरी असताना एका चार्जिंगमध्ये चारशेच्या आसपास फोटो सहज निघत. प्रवासाच्या तिसऱ्या दिवशी सकाळी भरलेली बॅटरी दुपारच्या आत, 130 फोटोंवरच संपली. चौथ्या दिवशी 90. माहितीपुस्तिकेत दिलेला फोटोंचा आकडा सिपा या जपानी उद्योगसंघटनेच्या पद्धतीने, म्हणजे साधारण 23 अंश सेल्सिअसच्या खोलीत मोजलेला असतो, आणि आम्ही तर शून्याखाली दहा-पंधरा अंशांत फिरत होतो. लिथियम-आयन बॅटरी गारठली की तिच्यातले रासायनिक व्यवहार मंदावतात, अंतर्गत रोध वाढतो, आणि आत चार्ज शिल्लक असूनही व्होल्टेज इतके घसरते की कॅमेरा ती रिकामी समजून बंद पडतो. हे मला ठाऊक होते, त्यामुळे आरोपी शोधण्याची गरजच वाटली नाही. थंडी समोर उभी होती, तिलाच धरले.

उपायही सगळे सुचवतात तोच केला. कॅमेरा गळ्यात अडकवून जाड जाकिटाच्या आत, अंगालगत ठेवायला सुरुवात केली, म्हणजे तो उबदार राहील आणि बॅटरी टिकेल. रस्त्यावरचे दृश्य क्षणात मागे पडते, म्हणून स्विच मी चालूच ठेवत असे, कारण एक मिनिट हात लागला नाही की तो आपोआप झोपतो, अशी माझी समजूत होती. इतके करूनही पाचव्या दिवशी जेमतेम 70 फोटो निघाले. जितकी काळजी घ्यावी तितकी बॅटरी लवकर उतरू लागली, तेव्हा कॅमेरा सदोष आहे याविषयी माझ्या मनात शंका उरली नाही.

वाटेत एका मोठ्या शहरात याच कंपनीचे अधिकृत सेवा केंद्र होते. तिथे अर्धा दिवस घालवला. काउंटरवरच्या गृहस्थांनी बॅटरी यंत्रावर लावली, कॅमेरा आत नेला आणि तासाभराने ‘दोष आढळला नाही’ एवढे तीनच शब्द लिहिलेला कागद माझ्या हातात ठेवला. मी आकडे सांगितले, रोजची नोंद दाखवली. “मॅडम, बाहेर गारठा किती आहे ते बघा ना,” एवढे बोलून त्यांनी पुढच्या ग्राहकाला हाक मारली. तुम्ही कॅमेरा कसा वापरता, कुठे ठेवता, हा एक प्रश्न त्यांनी विचारला असता तर माझा पुढचा आठवडा वाचला असता. तो त्यांनी विचारला नाही, आणि तपासणीचे शुल्क मात्र घेतले. मग मी त्याच रागाच्या भरात दोन जादा बॅटऱ्या घेतल्या, आणि त्याही अस्सल, म्हणजे चांगल्याच महाग. माझ्यासारख्या बाईने, जी लेन्स पुसायचे कापडसुद्धा धुऊन पुन्हा वापरते, हा खर्च कोणत्या मनःस्थितीत केला असेल याची कल्पना करावी.

बाराव्या दिवशी रात्री गाडी धाकटा भाऊ चालवत होता आणि मी शेजारी बसून डुलक्या घेत होते. डॅशबोर्डचा उजेड त्याने मंद केलेला होता, बाहेर मिट्ट काळोख. अचानक तो म्हणाला, “ताई, तुझ्या जाकिटात दिवा लागलाय.” मी खाली पाहिले. चेन गळ्यापाशी थोडी उघडी होती आणि आतून फिकट निळसर उजेड येत होता. व्ह्यूफाइंडर, म्हणजे डोळा लावून पाहायच्या खिडकीतला छोटा पडदा, चालू होता. शेवटचा फोटो काढून दीड तास झाला होता, आणि तेवढा वेळ तो माझ्या स्वेटरला समोरच्या काळोखाचे थेट प्रक्षेपण दाखवत बसला होता.

व्ह्यूफाइंडरच्या खिडकीखाली तांदळाच्या दाण्याएवढा एक काळा सेन्सर असतो. त्याच्यातून अदृश्य अवरक्त किरण बाहेर पडतात, समोरच्या वस्तूवरून परततात, आणि परत आले की डोळा टेकला असे मानून कॅमेरा मागचा पडदा बंद करून आतला छोटा पडदा लावतो. समोर डोळा आहे की लोकर, हे त्याला कळण्याचा मार्ग नाही. तेही मी समजू शकते. पण सेन्सर झाकलेला असेपर्यंत कॅमेऱ्याने झोपायचेच नाही, हा नियम ज्याने घातला त्याने हा कॅमेरा कधी गळ्यात घालून घराबाहेर नेला नसावा. घरी परतल्यावर मी खात्री करून घेतली: भरलेली बॅटरी, सेन्सरसमोर घडी घातलेला स्वेटर, एकही फोटो नाही. सव्वादोन तासांत बॅटरी संपली. म्हणजे जी ऊब मी बॅटरी वाचवण्यासाठी देत होते तीच तिला खात होती, आणि आठ-दहा दिवस मी चोर सोडून संन्याशाला फासावर चढवत होते.

संन्यासी अगदीच निर्दोष नव्हता, हेही नोंदवते. त्यानंतर कॅमेरा बाहेर तिकाटण्यावर लावून, फक्त मागचा पडदा वापरून काम केले तेव्हा घरच्या तुलनेत साधारण दोन तृतीयांश फोटो निघाले. संपलेली बॅटरी आतल्या खिशात वीस मिनिटे ठेवून परत घातली की आणखी पंचवीस-तीस फोटो मिळत. थंडीचा वाटा एवढाच. म्हणून आता जाकिटात फक्त बॅटऱ्या असतात आणि कॅमेरा गारच राहतो. रात्रभर गाडीत गोठलेली बॅटरी मात्र सकाळी तशीच चार्जरला लावू नये, कारण शून्याखाली चार्ज करताना लिथियम धातूच्या रूपात बॅटरीतल्या ग्रॅफाइटवर साचू लागते आणि ते नुकसान कायमचे असते. आधी तिला उबेत येऊ द्यावे.

सेन्सरला चकवण्यासाठी मी प्रथम त्याच्यावर काळी चिकटपट्टी लावली. व्ह्यूफाइंडर कायमचाच चालू झाला. मेनूमध्ये ‘फक्त मागचा पडदा’ असा पर्याय आहे, तो निवडला की प्रश्न सुटतो, पण व्ह्यूफाइंडर हवा असेल तेव्हा पुन्हा चार पायऱ्या खाली उतरून तो बदलावा लागे, आणि हे काम तेव्हा कोणत्याही बटणावर नेमून देता येत नसे. फोटोला फुलांच्या रंगाची छटा देणारा एक परिणाम मात्र बटणावर नेमता येतो. हातमोजे काढून, बोटे बधिर होईपर्यंत त्या चार पायऱ्या चढता-उतरताना मी कंपनीच्या रचनाकारांविषयी जे बोलले ते इथे लिहिण्यासारखे नाही.

उबेनेच दुसऱ्यांदा घात केला तो लेन्सच्या बाबतीत. गाडी कडेला थांबवून, खिडकी खाली करून, लांब पल्ल्याच्या लेन्सने दूरच्या डोंगराचे किंवा शेतातल्या पक्ष्यांचे फोटो काढले की सगळे मऊ येत. फोकस बरोबर, शटर सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही वेगवान, तरी कडा विरघळल्यासारख्या. ही लेन्सही सदोष निघाली असे मी ठरवूनच टाकले होते, परत करण्याची मुदत कधी संपते तेही पाहून ठेवले होते. मग एका ठिकाणी पाय मोकळे करायला उतरले, गाडीपासून पन्नास पावले चालून गेले आणि तोच डोंगर टिपला, तर कड्यावरची एकेक भेग मोजता येत होती. हीटरने तापलेली गाडीतली हवा उघड्या खिडकीतून बाहेर पडून गार हवेत मिसळते, दोन्हींची घनता वेगळी असल्याने प्रकाश वाकडातिकडा होतो, आणि उन्हाळ्यात तापलेल्या रस्त्यावर जशी लवलव दिसते तशी ती लेन्ससमोरच तयार होते. लेन्स जितकी लांब तितका तो दोष ठळक. गाडीतूनच फोटो काढायचा असेल तर हीटर बंद करून, खिडक्या उघडून, आतली हवा बाहेरइतकी गार होईपर्यंत पाचदहा मिनिटे कुडकुडत बसावे लागते. भावाला हा उपाय फारसा आवडला नाही. लेन्सची मी मनोमन माफी मागितली. ती आजही माझ्याकडे आहे आणि उत्तम आहे.

तिसरा प्रकार म्हणजे काचेवर धरणारी वाफ, पण तिच्याबाबतीत मी आधीपासून सावध होते. गारठलेला कॅमेरा उबदार खोलीत नेला की खोलीतल्या हवेतील बाष्प त्याच्यावर दवासारखे जमते, आणि ते नुसते काचेवर नव्हे, आतही जमू शकते. म्हणून बाहेर असतानाच कॅमेरा चेनच्या प्लास्टिक पिशवीत घालून, हवा दाबून काढून ती बंद करायची आणि दोन तास हात लावायचा नाही. मेमरी कार्ड तेवढे आधीच काढून घ्यावे, नाहीतर त्या दोन तासांत पिशवी उघडण्याचा मोह आवरत नाही. पिशवी साधी, धुऊन पुन्हा वापरलेली होती, आणि 19 दिवसांत कॅमेऱ्याला एकदाही ओल लागली नाही. सगळ्या साहित्यात सर्वात कमी पैशांत सर्वात जास्त काम तिने केले.

कॅमेऱ्याच्या बाजूने सांगण्यासारखी एक गोष्ट आहे आणि ती मनापासून सांगते. वरच्या बाजूची एक्स्पोजर, म्हणजे फोटोतला उजेड, कमी-जास्त करण्याची चकती जाड हातमोज्यातूनही फिरते आणि प्रत्येक टप्प्याला बोटाला टक्‌ असे जाणवते. बर्फात तिच्यावाचून चालत नाही, कारण कॅमेऱ्याचे मोजमाप समोरचे सगळे मध्यम करडे असावे असे धरून चालते आणि पांढरे शुभ्र शेतही राखेसारखे मळकट करून देते. ढगाळ दिवशी एक, स्वच्छ उन्हात दीडपर्यंत स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड) वाढवून, हिस्टोग्रामचा, म्हणजे फोटोतल्या उजेडाच्या आलेखाचा, डोंगर उजव्या भिंतीला टेकणार नाही एवढे पाहिले की बर्फ बर्फासारखे येते. सावल्या निळ्या दिसतात त्या मात्र तशाच ठेवाव्यात, कारण त्यांच्यावर खरोखरच आकाशाचा उजेड पडलेला असतो. हिवाळ्यात सूर्य भर दुपारीही खालीच रेंगाळतो, त्यामुळे त्या सावल्या दिवसभर लांबलचक मिळतात. मागचा पडदा गारठ्यात थोडा रेंगाळतो, चित्र शेपटी ओढत सरकते, पण फोटोवर त्याचा परिणाम होत नाही. बाकी शरीर, पट्टा, पकड यांविषयी तक्रार नाही.

हिवाळा सरल्यावर कंपनीने नवे फर्मवेअर, म्हणजे कॅमेऱ्याच्या आतले सॉफ्टवेअर, दिले. त्यासोबतच्या टिपणात ‘किरकोळ सुधारणा’ एवढेच लिहिले होते, म्हणून महिनाभर मी ते चढवलेच नाही. चढवल्यावर सहज बटणांची यादी उघडली, तर त्यात व्ह्यूफाइंडर आणि पडदा यांची अदलाबदल हे काम हजर. आता ते अंगठ्याखालच्या बटणावर आहे. स्वेटरचा प्रयोग पुन्हा केला: पडदा निवडलेला असताना कॅमेरा एका मिनिटात निमूट झोपला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बॅटरी 98 टक्के होती. आधी पाचपैकी दोन तारे देणार होते, आता चार देते. पाचवा तारा त्या तीन शब्दांच्या कागदापायी कापला आहे.

जादा घेतलेल्या दोन बॅटऱ्यांपैकी एक अजून वेष्टनातच आहे. ती परत घेतील का, असे मी सेवा केंद्राला दोनदा लिहून विचारले आहे.