रूट कॅनलमधील नलिका धुण्याच्या पद्धती: वेदना आणि हाड भरून येणे या दोन कसोट्यांवर

दाताच्या मुळातील नलिका फाइलने (खरवडण्याच्या बारीक सुईसारख्या हत्याराने) कितीही काळजीपूर्वक घासली, तरी तिच्या भिंतीचा सुमारे एक तृतीयांश किंवा त्याहून अधिक भाग फाइलच्या स्पर्शाविनाच राहतो, हे सूक्ष्म सीटी चित्रणातून दिसून आले आहे. त्या भागातील जिवाणू आणि मृत ऊतक काढण्याचे काम नलिका धुणाऱ्या द्रावणावर येते. हे द्रावण आत फिरवण्याच्या पद्धतींची तुलना करताना दोन प्रश्न वेगळे ठेवावे लागतात. पहिल्या दोन-तीन दिवसांत दुखणे किती राहील, हा एक. आणि मुळाच्या टोकाशी झिजलेले हाड पुढील महिन्यांत भरून येईल का, हा दुसरा. पहिल्यात सरस ठरणारी पद्धत दुसऱ्यातही सरस असतेच असे नाही, आणि जाहिरातींत नेमकी हीच गल्लत होते.

सिरिंज आणि बारीक सुई ही सर्वांत जुनी आणि सर्वत्र उपलब्ध असलेली पद्धत आहे. तिची मर्यादा अशी, की द्रावण सुईच्या टोकापुढे फार तर दोन-तीन मिलिमीटर पोहोचते आणि मुळाच्या टोकाशी अडकलेला हवेचा बुडबुडा त्याला आणखी अडवतो. सुई नलिकेत घट्ट बसली आणि दट्ट्या जोरात दाबला गेला, तर सोडियम हायपोक्लोराइट (नलिका धुण्याचे नेहमीचे द्रावण) मुळाबाहेर जाऊन तीव्र वेदना, सूज आणि काळेनिळे डाग उमटू शकतात. बाजूला छिद्र असलेली सुई, सैल धरलेले टोक आणि हलका दाब एवढे पथ्य पाळल्यास हा धोका बराच घटतो.

अल्ट्रासोनिक पद्धतीत नलिकेत भरलेल्या द्रावणात बारीक तार साधारण 25 ते 30 किलोहर्ट्झने कंप पावते, त्यामुळे प्रवाह निर्माण होऊन कानाकोपऱ्यांतील कचरा सुटतो. तार भिंतीला टेकली की परिणाम मंदावतो, म्हणून वाकड्या नलिकेत तिचा लाभ कमी होतो. त्याहून कमी वारंवारतेने कंपणाऱ्या सोनिक उपकरणाचे लवचीक प्लास्टिक टोक तेथे अधिक निर्धोक असले, तरी त्याची शक्ती कमी असते. चाचण्यांच्या एकत्रित आढाव्यांत, अशा रीतीने द्रावण हलवल्यास केवळ सुईच्या तुलनेत पहिल्या एक-दोन दिवसांतील वेदना काहीशी कमी आढळते. हाड भरून येण्याच्या बाबतीत मात्र चित्र वेगळे आहे: एकमुळी दातांवरील तुलनेत सुई आणि अल्ट्रासोनिक यांच्यात संख्याशास्त्रीयदृष्ट्या ठोस फरक दिसला नाही.

ऋण दाबाच्या पद्धतीत द्रावण दाताच्या वरच्या पोकळीत सोडून मुळाच्या टोकाशी ठेवलेल्या अतिबारीक नळीने ओढून घेतात. द्रावण ढकलले न जाता खेचले जात असल्याने ते मुळाबाहेर जाण्याची शक्यता अत्यल्प राहते, आणि वेदनेच्या कसोटीवर माझ्या मते हाच सर्वांत तर्कशुद्ध पर्याय आहे. मात्र ती नळी तळापर्यंत जाण्यासाठी नलिका पुरेशी रुंद करावी लागते आणि नाजूक मुळात तेवढे डेंटिन (दाताचा आतला कठीण भाग) गमावणे परवडत नाही. शिवाय नळीची छिद्रे वारंवार तुंबतात. लेझरने द्रावण ढवळण्याची पद्धत प्रयोगशाळेत प्रभावी दिसते, पण रुग्णांमधील दीर्घकालीन निष्कर्ष तुटपुंजे आहेत.

कोणते द्रावण, हा प्रश्नही याच निर्णयाचा भाग आहे. ऊतक विरघळवण्याची क्षमता हायपोक्लोराइटमध्ये आहे, क्लोरहेक्सिडीन या दुसऱ्या जंतुनाशकात नाही. दोन्ही एकत्र आल्यास तपकिरी साका तयार होतो, म्हणून मध्ये नलिका धुऊन घ्यावी लागते. भिंतीवरील चिकट थर काढण्यासाठी ईडीटीए या रसायनाचे 17 टक्के द्रावण वापरतात. शेवटी सुमारे अडीच अंश सेल्सियसच्या थंड सलाइनने काही मिनिटे धुतल्यास, विशेषतः आधीच दुखणाऱ्या दातांत, पहिल्या दिवसाची वेदना कमी झाल्याचे अनेक चाचण्यांत आढळले आहे; त्याने जिवाणू मरत नाहीत, म्हणून त्याकडे बरे होण्याचे साधन म्हणून पाहू नये.

उपचारापूर्वीच दात फार ठणकत असेल, तर नंतरही दुखण्याची शक्यता अधिक असते, आणि अशा रुग्णाने द्रावण हलवणारी किंवा ऋण दाबाची सोय असलेला दवाखाना निवडणे योग्य ठरेल. मुळाचे टोक उघडे (पूर्ण न मिटलेले) असल्यास ऋण दाबाला प्राधान्य द्यावे. दुखणे नसून केवळ क्ष-किरणात मुळाशी काळी छाया दिसत असेल, तर महागड्या यंत्रासाठी वाट वाकडी करण्याचे कारण नाही. रबर डॅम (दात लाळेपासून वेगळा ठेवणारा रबरी पडदा) लावला जातो का, हायपोक्लोराइट पुरेशा प्रमाणात आणि पुरेसा वेळ वापरले जाते का, आणि दातावर घट्ट कायमचे आवरण केव्हा बसेल, हे विचारावे, आणि एका वर्षाने पुन्हा क्ष-किरण काढून पाहावा.