नेक्सस ७ च्या २०१३ मॉडेलवर लिनिएजओएस १८.१: टाकावं का, आणि कसं

असूसने गूगलसाठी बनवलेला २०१३ सालचा नेक्सस ७ आज भंगारात द्यावा असा टॅबलेट नाही, आणि याचं एकमेव कारण त्याचा पडदा आहे. सात इंच, १९२० बाय १२०० पिक्सेल, म्हणजे इंचाला ३२३ पिक्सेल. डेमी आकाराच्या जुन्या मराठी पुस्तकाचं स्कॅन केलेलं अख्खं पान त्यावर एका वेळी मावतं, आणि झूम न करता अनुस्वार, रफार स्पष्ट दिसतात. वजन २९० ग्रॅम, त्यामुळे एका हातात धरून तासभर वाचता येतं. आज स्वस्तात मिळणाऱ्या नव्या टॅबलेटांत इतकी बारीक अक्षरं दाखवणारा पडदा क्वचितच सापडतो.

अडचण सॉफ्टवेअरची आहे. हा टॅबलेट अँड्रॉइड ४.३ घेऊन आला आणि गूगलने त्याला ६.०.१ वर सोडून दिला. शेवटचं बिल्ड, म्हणजे तयार करून दिलेली प्रत, एमओबी३०एक्स, ऑगस्ट २०१६ चं. क्रोमही अँड्रॉइड ६ साठी १०६ व्या आवृत्तीवर थांबला. पण खरा फटका प्रमाणपत्रांचा, म्हणजे साइट खरी असल्याच्या डिजिटल दाखल्यांचा, बसतो. आज असंख्य संकेतस्थळं लेट्स एन्क्रिप्टची प्रमाणपत्रं वापरतात, आणि ज्याच्या भरवशावर ती मान्य होतात ते मूळ प्रमाणपत्र, आयएसआरजी रूट एक्स१, अँड्रॉइडमध्ये ७.१.१ पासून आलं. जुन्या अँड्रॉइडसाठी दुसऱ्या एका मुळाच्या आधाराने चाललेली सोय ३० सप्टेंबर २०२४ ला संपली. म्हणून मूळ सॉफ्टवेअरवर चांगली साइट उघडतानाही ‘कनेक्शन सुरक्षित नाही’ असं येतं आणि लोकांना वाटतं, वाय-फाय बिघडलं. तारीख-वेळ बदलून किंवा फॅक्टरी रीसेट मारून हे जाणार नाही. खरा उपाय म्हणजे रॉम, अर्थात टॅबलेटची अख्खी कार्यप्रणाली, बदलणं.

१४.१ की १८.१

लिनिएजओएस ही स्वयंसेवकांनी अँड्रॉइडवरून बनवलेली रॉम आहे. तिच्या दोनच आवृत्त्यांचा विचार करण्यात अर्थ आहे. १४.१ म्हणजे अँड्रॉइड ७.१.२, तर १८.१ म्हणजे अँड्रॉइड ११. त्यापुढे अधिकृत रॉम या टॅबलेटला मिळाली नाही, कारण अँड्रॉइड १२ पासून कर्नलमध्ये, म्हणजे प्रणालीच्या गाभ्यात, ईबीपीएफ नावाची सोय सक्तीची झाली आणि नेक्सस ७ चं कर्नल ३.४ मालिकेतलं आहे. १८.१ ची अधिकृत बिल्डही आता निघत नाहीत. म्हणजे सुरक्षेच्या बाबतीत हा टॅबलेट ‘अद्ययावत’ होत नाही, फक्त पाच आवृत्त्या पुढे सरकतो. हे मान्य असेल तरच पुढचा खटाटोप करा.

१४.१ मूळ पार्टिशनवर (साठवणीच्या ठरलेल्या कप्प्यांवर) सरळ बसते, हलकी आहे, आणि प्रमाणपत्रांचा प्रश्न तिनेही सुटतो. फक्त वाचन आणि गाणी एवढंच काम असेल, तर १६ जीबीच्या टॅबलेटवर तीच टाका. तिची मर्यादा ब्राउझरची आहे: अँड्रॉइड ७ साठी क्रोम ११९ वर थांबला आहे. नवा ब्राउझर आणि नवी अ‍ॅप हवी असतील तर १८.१ कडे जावं लागतं, आणि तिथे पार्टिशन बदलण्याची पायरी येते. ३२ जीबीचं मॉडेल असेल आणि हार्डवेअर ठणठणीत असेल तर माझं मत १८.१ च्या बाजूने आहे.

आधी हार्डवेअर तपासा

मागचं झाकण फुगलेलं किंवा काचेची कड वर आलेली दिसली तर रॉमचा विचार बाजूला ठेवा. बॅटरी फुगली आहे, तशी चार्ज करू नका. बदली बॅटरीचा क्रमांक सी११पी१३०३, क्षमता ३९५० एमएएच. झाकणाला बाहेरून स्क्रू नाहीत. ते नुसत्या खाचांवर बसतं आणि प्लॅस्टिकच्या पातळ पट्टीने उघडतं. फुगलेल्या बॅटरीजवळ लोखंडी पातं घालू नका.

मायक्रो यूएसबीचा सॉकेट सैल झालेला असणं हे या टॅबलेटचं नेहमीचं दुखणं. चार्जिंगचा प्रश्न नाही, कारण याला क्यूआय वायरलेस चार्जिंग आहे. पण फास्टबूटला, म्हणजे संगणकावरून टॅबलेटमध्ये सॉफ्टवेअर टाकण्याच्या अवस्थेला, तार लागतेच. तार किंचित हलवल्यावर संगणकाकडून जोडल्या-तुटल्याचा आवाज येत असेल तर आधी सॉकेट बदलून घ्या.

तिसरी तपासणी आतल्या साठवणीची. एक जीबीची एखादी फाइल संगणकावरून टॅबलेटमध्ये टाकून पाहा. दीड-दोन मिनिटांत गेली तर ठीक. मध्येच अडकत, थांबत गेली किंवा अर्ध्यावर तुटली, तर ईएमएमसी, म्हणजे आतली साठवणीची चिप, थकली आहे, आणि कोणतीही रॉम ती बरी करणार नाही. मूळ सॉफ्टवेअरवरच टॅबलेट सुरू होताना अडकत असेल तर संशय पक्का. अशा साठवणीवर पार्टिशन बदलायला मुळीच जाऊ नका.

अनलॉक

लागतं ते एवढंच: गूगलचे प्लॅटफॉर्म टूल्स (एडीबी आणि फास्टबूट हे संगणकावरचे प्रोग्रॅम), विंडोज असेल तर गूगलचा यूएसबी ड्रायव्हर, डेटा जाणारी तार, आणि निदान साठ टक्के चार्ज. बरेच दिवस बंद पडलेला टॅबलेट संगणकाच्या यूएसबीवर उठत नाही. मूळ चार्जर साधारण ५ व्होल्ट १.३५ अँपिअरचा होता. तेवढ्या ताकदीच्या चार्जरवर काही तास ठेवा, मग पॉवर बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरा.

आतला सगळा डेटा संगणकावर काढा, कारण बूटलोडर (टॅबलेट सुरू करणारा पहिला प्रोग्रॅम) अनलॉक करताना तो पुसला जातो. टॅबलेट बंद करून पॉवर आणि आवाज कमी करायचं बटण एकत्र दाबून धरलं की फास्टबूटचा पडदा येतो. तिथे उत्पादनाचं नाव ‘फ्लो’ दिसायला हवं. ‘डेब’ दिसलं तर तो सिमकार्डवाला टॅबलेट आहे आणि त्याच्या फाइली वेगळ्या आहेत. इथली एकही फाइल त्याला चालणार नाही. ६.०.१ पर्यंत अपडेट झालेल्या टॅबलेटचा बूटलोडर एफएलओ-०४.०८ असतो.

संगणकावर ‘फास्टबूट ओईएम अनलॉक’ ही आज्ञा द्या, टॅबलेटवर आवाजाच्या बटणाने ‘येस’वर जा, पॉवर दाबा. यानंतर सुरू होताना गूगलच्या नावाखाली उघडं कुलूप दिसत राहतं. ते तसंच राहणार.

संगणक ‘वेटिंग फॉर डिव्हाइस’वर अडकला तर दहात नऊ वेळा तार किंवा ड्रायव्हर दोषी असतो. फक्त चार्जिंगच्या तारा बाजारात भरपूर आहेत. तार बदलूनही जमलं नाही तर यूएसबी २ चा पोर्ट, किंवा मध्ये साधा यूएसबी २ हब लावून पाहा. नव्या संगणकांच्या यूएसबी ३ पोर्टशी हे जुने फास्टबूट पुष्कळदा नीट बोलत नाही.

पार्टिशन: खरी जोखीम इथे

मूळ सिस्टीम पार्टिशन साधारण ८४० एमबीचं आहे. अँड्रॉइड ११ त्यात नीट मावत नाही, गॅप्स, म्हणजे गूगलची अ‍ॅप, तर अजिबात नाहीत, आणि हार्डवेअरच्या फाइलींसाठी वेगळं ‘व्हेंडर’ पार्टिशन मुळात नाहीच. म्हणून लिनिएजने बदललेल्या पार्टिशनच्या टॅबलेटला ‘फ्लॉक्स’ हे वेगळं नाव दिलं. फ्लोवर फ्लॉक्सची झिप किंवा फ्लॉक्सवर फ्लोची झिप चालत नाही, आणि हे चांगलंच आहे.

टीडब्ल्यूआरपी ही रिकव्हरी, म्हणजे रॉम टाकायची छोटी प्रणाली, आधी कायमची टाकू नका. ‘फास्टबूट बूट’ या आज्ञेने तात्पुरती चालवा. तिच्या टर्मिनलमधून ‘पर्सिस्ट’ पार्टिशनची (त्याच टॅबलेटपुरती माहिती ठेवणाऱ्या कप्प्याची) ‘डीडी’ या आज्ञेने प्रत काढा आणि ती संगणकावर घ्या. त्या पार्टिशनची प्रत दुसऱ्या टॅबलेटवरून आणून चालत नाही, म्हणून ही पाच मिनिटं वाचवू नका. मग फ्लोसाठीची पार्टिशन बदलणारी झिप साइडलोड करा, म्हणजे संगणकावरून तारेने पाठवून चालवा. ती चालू असताना तार, बटण, संगणक, कशालाही हात लावू नका. बूटलोडर कुठे आहे हेही याच पार्टिशन तक्त्यावरून ठरतं. तक्ता अर्धवट लिहिला गेला तर फास्टबूटसुद्धा येणार नाही अशी वेळ येऊ शकते. लॅपटॉप झोपी जाणार नाही अशी सेटिंग आधीच करून ठेवा. वीज जाण्याची भीती असेल तर डेस्कटॉपऐवजी लॅपटॉपच वापरा.

झाल्यावर टीडब्ल्यूआरपी पुन्हा बूट करून ब्लॉक उपकरणांच्या ‘बाय-नेम’ फोल्डरमध्ये ‘व्हेंडर’ हे नाव दिसतं का ते पाहा. दिसत नसेल तर पुढे जाऊ नका.

रॉम टाकणं

अधिकृत बिल्ड बंद असल्याने फाइल जुन्या साठ्यातून घ्यावी लागते. अशा वेळी फाइलशेजारी लिहिलेला एसएचए-२५६ हॅश (फाइलच्या मजकुरावरून निघणारा आकडा) जुळला म्हणून निश्चिंत होऊ नका. फाइल बदलणारा हॅशही बदलू शकतो. लिनिएजच्या झिपवर प्रकल्पाची सही असते, ती त्यांच्या ‘अपडेट व्हेरिफायर’ या पायथन प्रोग्रॅमने संगणकावरच तपासता येते.

फ्लॉक्सची लिनिएज रिकव्हरी ‘फास्टबूट फ्लॅश रिकव्हरी’ने टाका, आवाजाच्या बटणांनी ‘रिकव्हरी मोड’ निवडा. आत गेल्यावर फॅक्टरी रीसेटमधून ‘फॉरमॅट डेटा’ करा. नुसतं वाइप पुरत नाही; जुनी फाइल सिस्टीम किंवा एन्क्रिप्शनचे अवशेष राहिले तर टॅबलेट लिनिएजच्या फिरत्या वर्तुळावर अडकून बसतो. मग ‘अप्लाय अपडेट’मधून एडीबी साइडलोड. काही वेळा संगणकावर आकडा ४७ टक्क्यांवर थांबतो आणि शेवटी ‘फेल्ड टू रीड कमांड’सारखं काहीतरी येतं. घाबरू नका. टॅबलेटच्या पडद्यावर चूक दिसत नसेल तर काम झालेलं आहे.

गूगलची अ‍ॅप हवी असतील तर ती याच वेळी, पहिल्यांदा सुरू करण्याआधी टाकायची. नंतर टाकली तर प्ले सर्व्हिसेस सतत कोसळतात आणि पुन्हा फॉरमॅट करावं लागतं. अँड्रॉइड ११ साठीचं, ‘आर्म’ प्रकारचं पॅकेज घ्या. ‘आर्म६४’ चालणार नाही, कारण हा प्रोसेसर ३२ बिटचा आहे. रिकव्हरी सही जुळत नसल्याचं सांगेल, ‘येस’ म्हणा; गॅप्सवर लिनिएजची सही नसतेच. हाच इशारा लिनिएजच्या झिपला आला तर मात्र ‘नो’, आणि ती फाइल फेकून द्या. १४.१ टाकताना ‘एरर ७०’ आला तर सिस्टीममध्ये जागा नाही असा अर्थ. गॅप्सचं पिको हे लहान पॅकेज घ्या किंवा गॅप्सचा नाद सोडा.

पहिलं सुरू होणं दहा-पंधरा मिनिटं घेऊ शकतं.

वापरात कसं आहे

दोन जीबी रॅममध्ये प्ले सर्व्हिसेस बसवल्या की उरलेल्या अ‍ॅपना श्वास घ्यायला जागा राहत नाही. ब्राउझरमधून पुस्तकाकडे आणि परत आलं की पान नव्याने लोड होतं. गॅप्सशिवाय तोच टॅबलेट स्पष्टपणे चपळ वाटतो. म्हणून शिफारस: गॅप्स टाकूच नका, एफ-ड्रॉइड हे मुक्त अ‍ॅपचं दुकान घ्या. वाचायला केओरीडर, मराठी टंकायला इंडिक कीबोर्ड, गाणी-चित्रपटांना व्हीएलसी. डेव्हलपर पर्यायांतून ॲनिमेशन अर्ध्यावर आणा. साठवणीतली तीन-चार जीबी जागा कायम मोकळी ठेवा; ती भरत आली की ईएमएमसी लिहायला मंदावते आणि सगळा टॅबलेट अडखळतो.

व्हिडिओची एक गोष्ट मुद्दाम सांगायला हवी. यातला स्नॅपड्रॅगन एस४ प्रो हा प्रोसेसर एच.२६४ प्रकारचा व्हिडिओ हार्डवेअरवर उलगडतो, पण व्हीपी९ आणि एचईव्हीसी हे प्रकार नाही. यूट्यूबचे बरेचसे प्रवाह व्हीपी९ मध्ये येतात, सगळा भार प्रोसेसरवर पडतो, पाठ तापते आणि चित्र अडखळतं. न्यूपाइप या यूट्यूब पाहायच्या अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये व्हिडिओचा ठरलेला प्रकार एमपीईजी-४ करा; फरक लगेच दिसतो. डाउनलोड केलेले एचईव्हीसी चित्रपट आधी संगणकावर एच.२६४ मध्ये बदलून घ्या.

बँकेची अ‍ॅप यावर वापरू नका. बूटलोडर अनलॉक असल्याने त्यांतली पुष्कळशी चालणार नाहीतच, आणि यूपीआयला लागणारं सिमकार्ड वाय-फाय मॉडेलमध्ये नाही. चालली तरी, सुरक्षा दुरुस्त्या थांबलेल्या यंत्रात पैशांचे व्यवहार नकोत. मुख्य ईमेल खातंही इथे उघडू नये. लागलंच तर वेगळं खातं करा.

मूळ सॉफ्टवेअरवर परतायचं तर गूगलची ‘रेझर’ नावाची फॅक्टरी इमेज आहे, पण फ्लॉक्स झालेल्या टॅबलेटवर ती टाकण्याआधी पार्टिशन पूर्ववत करणारी झिप चालवावी लागते. ती झिप आणि पर्सिस्टची प्रत एकाच फोल्डरमध्ये जपून ठेवा. टॅबलेट विकलात तर तो फोल्डर घेणाऱ्याला द्या. स्वतः जुना विकत घेत असाल तर पैसे देण्याआधी फास्टबूटचा पडदा काढून फ्लो की डेब ते पाहा, तार जोडून सॉकेट हलवून पाहा, आणि पडद्याच्या चारही कोपऱ्यांत बोट फिरवून स्पर्श कुठे तुटत नाही ना, हे तपासा.