तुतारी एक्सप्रेसचा स्लीपर: दंडवत्यांची दोन इंची गादी अजून तग धरून आहे

दादर-सावंतवाडी तुतारीच्या स्लीपर डब्याबद्दल लिहायचं तर सुरुवात गादीपासूनच करायला हवी, कारण ती राजापूरच्या खासदाराची देणगी आहे. प्रा. मधू दंडवते मुंबईत सिद्धार्थ कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायचे. बॅ. नाथ पै जानेवारी १९७१ मध्ये गेले आणि त्यांच्या राजापूर मतदारसंघातून त्याच वर्षी दंडवते लोकसभेत पोचले, ते सलग पाच वेळा. आणीबाणीत तुरुंगात, १९७७ मध्ये बाहेर येऊन थेट रेल्वेमंत्री. १९७४ च्या रेल्वे संपात कामावरून काढलेले कामगार त्यांनी परत घेतले, पण सामान्य प्रवाशाच्या पाठीला लक्षात राहिला तो दोन इंचांचा फोम. तोवर दुसऱ्या वर्गात झोपायचं ते लाकडी फळीवर.

आजच्या डब्यात ही गादी कशी आहे? डबा जुना असेल तर खांद्याच्या आणि कमरेच्या जागी फोम बसलेला असतो, शिवणीजवळ रेक्झिन फाटलेलं असतं. तरी बारा तासांच्या रात्रीला ती पुरते. त्रास खरा रेक्झिनचा: कोकणातल्या दमट हवेत ते अंगाला चिकटतं. स्लीपरमध्ये चादर-उशी मिळत नाही, म्हणून जाड सुती चादर घरूनच न्यावी. सोलापुरी असेल तर उत्तम, ती घसरत नाही.

बर्थ निवडताना नंबराला आठने भागा. बाकी १ किंवा ४ उरली तर लोअर, २ किंवा ५ मिडल, ३ किंवा ६ अपर, ७ साइड लोअर आणि बाकी शून्य म्हणजे साइड अपर. साइड लोअर दोन सीट पाडून होतो, त्यामुळे मधला सांधा बरोबर कमरेखाली येतो; चादरीची घडी तिथेच घालावी. आरएसी, म्हणजे पूर्ण बर्थ न मिळालेलं तिकीट असेल तर याच बर्थवर दोघांनी बसून रात्र काढायची. मिडल बर्थ रात्री १० ते सकाळी ६ एवढाच उघडता येतो. साखळीचा हूक नीट अडकलाय का हे हाताने दाबून बघा, नुसतं बघून कळत नाही. पावसाळ्यात खिडकीची काच खालून गळते आणि लोअरवाल्याची चादर भिजते. त्या दिवसांत आम्ही मिडलच सुचवू. डब्याच्या दोन्ही टोकांचे नंबर टाळावेत, संडासाच्या दाराची रात्रभर आदळआपट चालते.

आता सगळ्यात जास्त लोक जिथे फसतात ते. गाडी दादरहून रात्री १२.०५ ला सुटते. शुक्रवारी रात्री जेवून निघणार असाल तर तिकीट शनिवारच्या तारखेचं हवं. शुक्रवारचं काढलंत तर तुमची गाडी आदल्या रात्रीच गेलेली असते, आणि टीसीशी हुज्जत घालून काही होत नाही.

आगाऊ आरक्षण ६० दिवस आधी सकाळी ८ ला उघडतं. गणपतीत जायचं तर त्या मिनिटाला लॉगिन करून, प्रवाशांची नावं आधीच भरून तयार बसावं. स्लीपरचं तत्काळ आदल्या दिवशी ११ ला सुटतं, पण चतुर्थीच्या आठवड्यात त्याच्या भरवशावर राहू नये.

भाडं बघून डोळे विस्फारतात, त्याचं कारण तिकिटावरच्या किलोमीटरमध्ये आहे. कोकण रेल्वेच्या टप्प्यात प्रत्यक्ष अंतरावर ४० टक्के चढवून भाडं लावतात. १९९० मध्ये महामंडळ स्थापन झालं तेव्हा जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री आणि दंडवतेच अर्थमंत्री होते. नेहमीच्या रेल्वे अर्थसंकल्पाची वाट बघत बसण्याऐवजी केंद्र आणि चार राज्यांचं भांडवल घेऊन, वर रोखे काढून पैसा उभा केला. म्हणून रोह्यापुढची लाइन १९९८ पर्यंत पूर्ण झाली, नाहीतर अजून सर्व्हेच चालू असता. त्या घाईची किंमत चाकरमानी अजून मोजतोय, आणि आमच्या मते सौदा वाईट नव्हता. पण अधिभार आता तरी उतरायला हवा.

वेळेच्या बाबतीत गुण कमी. रोहा ते वीर दुहेरी मार्ग झाला, पुढे बहुतेक सगळा एकेरी. समोरून वेगवान गाडी आली की तुतारी बाजूला उभी. पावसाळी वेळापत्रकात वेग आणखी कमी करतात, दरडींमुळे ते बरोबरही आहे. सकाळच्या कामाची वेळ ठरवताना हातात दोन तास ठेवा.

परतीचा प्रवास मात्र सोपा. गाडी सावंतवाडीहूनच सुटते, म्हणून डबा रिकामा आणि झाडलेला मिळतो. मडगावहून येणाऱ्या गाड्यांत ही चैन नाही. इथल्या टर्मिनसचं भूमिपूजन २०१५ मध्ये, सुरेश प्रभू रेल्वेमंत्री असताना झालं, काम रखडलं. त्याला दंडवत्यांचं नाव द्यावं ही प्रवासी संघटनांची मागणीही तशीच पडून आहे. स्टेशन मळगावला आहे, शहरापासून दूर. रिक्षाचं भाडं बसण्याआधी ठरवा.