उबंटू सर्व्हर २४.०४, सात महिन्यांच्या वापरानंतर: अपग्रेड कुठे अडकतं आणि सोडवायचं कसं

कोल्हापूरजवळच्या शिरोली आणि गोकुळ शिरगाव एमआयडीसीतल्या फाउंड्र्यांची बिलं, स्टॉक आणि गेटपास सांभाळणारे, उबंटू या ऑपरेटिंग सिस्टीमवर चालणारे चार सर्व्हर. मशीन मुंबईच्या डेटा सेंटरमध्ये, देखभाल कोल्हापुरातल्या राजारामपुरीतून. चारही सर्व्हर एसएसएचवरूनच (दुरून सुरक्षित लॉगिन करायची सोय) उबंटू २२.०४ वरून २४.०४ वर नेले. आज सात महिन्यांनी २४.०४ बद्दल काहीच तक्रार नाही. जो काही त्रास आहे तो अपग्रेडच्या त्या दोन तासांत आणि नंतरच्या पहिल्या रीबूटला, तोही ठरलेल्या जागीच.

२०१९ च्या महापुरात शिरोलीजवळ हायवेच बंद होता. त्यामुळे मुंबईला जाऊन मशीनला कीबोर्ड लावू, हा हिशेब धरायचाच नाही. होस्टिंगच्या पॅनेलवरचा कन्सोल, म्हणजे ब्राउझरमध्ये उघडणारी मशीनची स्क्रीन, हाच आपला कीबोर्ड. आदल्या दिवशी त्यातून प्रत्यक्ष लॉगिन करून बघा. पुष्कळ सर्व्हरवर लॉगिनला फक्त एसएसएच की (किल्लीची फाइल) चालते, युजरला पासवर्डच दिलेला नसतो, आणि कन्सोल नेमका पासवर्डच मागतो. स्नॅपशॉट (अख्ख्या डिस्कची त्या क्षणाची प्रत) घ्या, शिवाय डेटाबेसचा डंप, म्हणजे फाइलमध्ये काढलेली प्रत, सर्व्हरबाहेर ठेवा. /बूट वेगळं पार्टिशन असेल तर वापरात नसलेले जुने कर्नल (सिस्टीमचा गाभा) काढून जागा करा.

‘डू-रिलीज-अपग्रेड’ ही अपग्रेडची कमांड एसएसएचवरून चालवली की ते १०२२ पोर्टवर दुसरा एसएसएच सुरू करतं. सोय उत्तम, पण हा पोर्ट सर्व्हरच्या फायरवॉलमध्ये आणि होस्टिंगच्या फायरवॉलमध्ये, दोन्हीकडे उघडा हवा. मध्येच नेट गेलं तरी काम सर्व्हरवरच्या ‘स्क्रीन’ या प्रोग्राममध्ये चालूच राहतं. परत आत येऊन ‘सुडो स्क्रीन -डी -आर’ (डी मोठा, आर छोटा) मारलं की जिथे होतं तिथेच सापडतं. नव्याने अपग्रेड सुरू करण्याची घाई करू नका. खरोखरच मध्ये तुटलं असेल तर आधी ‘डीपीकेजी --कॉन्फिगर -ए’, मग ‘एपीटी --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल’. कुठे अडलं ते /व्हार/लॉग/डिस्ट-अपग्रेड मधल्या मेन.लॉगमध्ये मिळतं.

रीबूटनंतर लॉगिन होत नसेल तर एररचे शब्द नीट वाचा, अर्धं निदान तिथेच होतं. ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ आलं तर बहुधा मशीन जिवंत आहे, त्या पोर्टवर ऐकणारं कोणी नाही. ‘टाइम्ड आउट’ म्हणजे फायरवॉल, नेटवर्क किंवा मशीन उठलेलंच नाही. ‘परमिशन डिनाइड’ म्हणजे पोर्ट ठीक, कीचा घोळ. पहिल्या प्रकाराचं नेहमीचं कारण: अपग्रेडने एसएसएचच्या कॉन्फिगबद्दल विचारलं तेव्हा पॅकेजची नवी फाइल घेतली, आपला २२२२ पोर्ट पुसला गेला, सर्व्हर २२ वर जाऊन बसला. कोणत्या पोर्टवर कोण ऐकतंय ते बघायला कन्सोलवर ‘एसएस -टीएलएनपी’ मारा. तिथे एसएसएचडी (एसएसएचचा सर्व्हर प्रोग्राम) ऐवजी सिस्टीमडी (सगळ्या सेवा सुरू-बंद करणारा प्रोग्राम) हे नाव दिसलं तर घाबरू नका, २४.०४ मध्ये पोर्ट सिस्टीमडीचं एसएसएच.सॉकेट धरून ठेवतं. म्हणूनच फाइलमध्ये पोर्ट बदलून नुसतं एसएसएच रीस्टार्ट करणं पुरत नाही. ‘सिस्टीमसीटीएल डेमन-रीलोड’ करून एसएसएच.सॉकेट रीस्टार्ट करावं लागतं.

मशीन उठलेलंच नसेल तर कन्सोलमधून ग्रबच्या (मशीन सुरू होतानाचा मेनू) ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये जाऊन जुना ५.१५ कर्नल निवडा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. शेवटी अपग्रेड विचारतं, कालबाह्य पॅकेजेस काढू का? ‘नाही’ म्हणा. आपला डेटाबेस पोस्टग्रेएसक्यूएल. २२.०४ वर त्याची आवृत्ती १४, २४.०४ वर १६, आणि १४ चा डेटा आपोआप १६ मध्ये जात नाही. १६ चं रिकामं क्लस्टर (डेटाबेसचा एक स्वतंत्र संच) ५४३३ पोर्टवर उभं राहतं, खरा डेटा १४ मध्येच असतो, आणि तो न्यायला १४ चे प्रोग्राम जागेवर लागतात. ते आधीच काढून टाकले की डेटा डिस्कवर आहे पण उघडता येत नाही, अशी गत होते. आधी ‘पीजी_एलएसक्लस्टर्स’ने दोन्ही बघा, रिकामं १६ ‘पीजी_ड्रॉपक्लस्टर’ने काढा, मग ‘पीजी_अपग्रेडक्लस्टर १४ मेन’. ड्रॉप करताना आकडा दोनदा वाचा. तिथे १६ ऐवजी १४ टाइप झालं तर डंपशिवाय वाट नाही. डिस्कवर डेटाबेसच्या आकाराइतकी तरी मोकळी जागा ठेवा. काम झालं की १६ कडे ५४३२ हा नेहमीचा पोर्ट येतो.

साइटवर ५०२ हा एरर (मागचा प्रोग्राम उत्तर देत नाही) आला तर एनजिनएक्स या वेब सर्व्हरचा एरर लॉग बघा. बहुतेक वेळा तिथे पीएचपी ८.१ च्या सॉकेटचा (एनजिनएक्स ज्या फाइलमधून पीएचपीशी बोलतो ती) पत्ता असतो. २४.०४ मध्ये पीएचपी ८.३ आहे, त्यामुळे साइटच्या फाइलमध्ये सॉकेटचं नाव बदला, ‘एनजिनएक्स -टी’ने फाइल तपासा, मग रीलोड. पायथन ३.१० वरून ३.१२ वर जातं, जुनी व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (पायथनच्या ॲपचं वेगळं फोल्डर) दुरुस्त करत बसू नका, नवी बनवा.

काम उरकल्यावर १०२२ दोन्ही फायरवॉलमध्ये बंद करा. बाहेरच्या रेपॉझिटरी (उबंटूशिवाय इतरांकडून पॅकेजेस घ्यायच्या जागा) अपग्रेडने बंद करून ठेवलेल्या असतात. त्यात ‘जॅमी’ (२२.०४ चं नाव) च्या जागी ‘नोबल’ (२४.०४ चं) लिहून त्या चालू केल्याशिवाय त्या पॅकेजेसना सिक्युरिटी अपडेट येत नाहीत, आणि सर्व्हर वरवर सुरळीत चालत असल्याने महिनोन्महिने कोणाच्या लक्षातही येत नाही.