मेट्रोमिनुतो: पायी चालणाऱ्यांचा फुकट नकाशा

पोन्तेवेद्राला मेट्रो नाही. स्पेनच्या वायव्य कोपऱ्यातलं, गालिसियातलं हे 80 हजारांच्या आसपास वस्तीचं शहर. मेट्रो घालणार तरी कुठे? पण पर्यटन कार्यालयात एक घडीचा नकाशा मिळतो, तो थेट मेट्रोचाच वाटतो. रंगीत रेषा, स्टेशनांसारखे ठिपके. रेषा मात्र चालायच्या वाटांच्या, आणि दोन ठिपक्यांमध्ये किती मीटर, किती मिनिटं ते छापलेलं. नगरपालिकेने 2011 मध्ये तो काढला आणि पुढे युरोपातल्या बऱ्याच शहरांनी कल्पना उचलली. दमडीही पडत नाही.

मी आणि आई तो घेऊन भरपूर हिंडलो. अंतर मीटरमध्ये सांगितलं की माणूस घाबरतो. "900 मीटर" म्हटलं की आई आधी टॅक्सी कुठे दिसते ते बघते, "11 मिनिटं" म्हटलं की पर्स उचलते. नकाशाची सगळी करामत एवढीच, पण ती चोख आहे.

मिनिटांत अंतर सांगायची रीत जपानात जुनीच. तिथे घरांच्या जाहिरातीत स्टेशनपासून चालत किती मिनिटं ते लिहितात आणि त्याला नियम आहे: 80 मीटरला 1 मिनिट, उरलेल्या तुकड्याचंही पूर्ण मिनिट धरायचं. सिग्नलला ताटकळणं आणि चढ मात्र हिशेबात नाहीत. तिथे राहत होते तेव्हा जाहिरातीतल्या आकड्यात पदरची दोन-तीन मिनिटं घालूनच मी घर बघायला निघायची.

पोन्तेवेद्रात तशी भर घालावी लागली नाही, आणि याचं श्रेय नकाशाला नाही, रस्त्यांना आहे. 1999 मध्ये मिगेल आन्शो फर्नांदेझ लोरेस महापौर झाले आणि जुन्या गावातून गाड्यांची वर्दळ हटवायला सुरुवात झाली, मग मध्यवस्तीतूनही. फुटपाथ आणि रस्ता एकाच पातळीत आणले, मधले बहुतेक सिग्नल काढून टाकले. गाड्यांना सरसकट बंदी नाही. माल उतरवणारे, घरात गॅरेज असलेले येतात. पण कसे येतात ते बघण्यासारखं आहे. एका गल्लीत दोन आजीबाई ऐन रस्त्यात गप्पा मारत उभ्या, मागे सामानाची व्हॅन. हॉर्न नाही, रेटणं नाही. आई सवयीने भिंतीला चिकटली आणि मला म्हणाली, "जाऊ दे गं त्याला आधी." तो ड्रायव्हर हाताने आम्हालाच पुढे व्हायला सांगत होता. त्या आजीबाई तर शेवटपर्यंत हलल्या नाहीत, त्याने गाडी कडेने काढली.

हाच नकाशा ह्यूस्टनच्या उपनगरात, माझ्या बहिणीच्या घराजवळ छापला तर? किराणा दुकान तिच्या दारातून दिसतं. मध्ये सहा पदरी रस्ता, सिग्नल पार लांब, त्याच्या अलीकडेच फुटपाथ संपतो आणि गवतातून चालावं लागतं. बटण दाबून उभं राहा, सिग्नलवर चालणाऱ्या माणसाचं पांढरं चित्र लागलं की निघा, तर लाल दिव्यावरही उजवीकडे वळायची मुभा असलेल्या गाड्या अंगावर. वळणारा ड्रायव्हर डावीकडून येणाऱ्या गाड्या बघत असतो, उजवीकडे उभे असलेले तुम्ही त्याच्या खिजगणतीत नसता. बहीण दूध आणायलाही गाडी काढते. ती आळशी मुळीच नाही, सकाळी जिममध्ये ट्रेडमिलवर चालते. (तिथेही गाडीनेच जाते.) अशा ठिकाणी "7 मिनिटं" छापणं म्हणजे शुद्ध थाप.

आता तक्रारी. नकाशातली चाल ताशी 5 किलोमीटरच्या आसपासची, म्हणजे धडधाकट माणसाची. आईच्या गुडघ्यांना दीडपट वेळ लागतो. चढ कुठे ते रेषांवरून कळत नाही, टेकायला बाक कुठे तेही नाही. गालिसियात पाऊस वारंवार गाठतो, तेव्हा आडोशाची वाट कुठली हे कळलं असतं तर बरं झालं असतं. सिंगापूरमध्ये ज्येष्ठांनी आपलं कार्ड सिग्नलच्या खांबावर टेकवलं की हिरवा माणूस रस्त्याच्या रुंदीप्रमाणे 3 ते 13 सेकंद जास्त थांबतो. 2009 पासूनची सोय आहे. इथे तर नुसती शाई लागणार. प्रत्येक आकड्याखाली बारीक टायपात म्हाताऱ्या माणसाची मिनिटंही छापा ना!

पाचपैकी चार तारे. कागदी प्रतच घ्या, घडी घातली की खिशात मावते आणि बॅटरी लागत नाही. याचंच भावंड म्हणजे पासोमिनुतो हा नकाशा, त्यात वाटांची पावलं आणि कॅलरी दिलेल्या असतात. मी उचलत होते, पण आईने तो परत ठेवायला लावला. म्हणाली, "फिरायला आलोय की वजन करायला?"