‘कशावरून?’ : बालविकासाच्या पदवीचे अठरा महिने

तिसरं सेमिस्टर नुकतंच संपलं. ‘बालपण आणि बालविकास’ या विषयात पदवी करतेय म्हटलं की समोरच्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: “म्हणजे बालवाडीची बाई होणार का?” घरात तान्हं मूल असेल तर लगेच दुसरा येतो: “आमचा अजून चालत नाही, काही काळजीचं आहे का?” अठरा महिन्यांनंतरही दोन्ही प्रश्नांना मी जरा चाचरतच उत्तर देते. पण प्रवेश घेण्याआधी असा आतला अनुभव वाचायला मिळाला असता तर बरं झालं असतं, म्हणून लिहितेय.

पहिलं प्रॅक्टिकल सांगते, कारण या पदवीची खरी गंमत तिथेच आहे. बालवाडीच्या वर्गात कोपऱ्यात स्टुलावर बसायचं, एका मुलाकडे वीस मिनिटं बघायचं आणि दिसेल ते लिहायचं. मदत करायची नाही, बोलायचं नाही. मी लिहिलं: ‘मूल आनंदात होतं. ठोकळ्यांशी खेळत होतं. नंतर कंटाळलं.’ वही परत आली तेव्हा समासात लाल पेनने तीन वेळा लिहिलेलं होतं, ‘कशावरून?’

दुसऱ्या खेपेला त्याच मुलाबद्दल पान भरलं. डाव्या हाताने ठोकळा उचलतो. चौथा ठेवताना मनोरा पडतो. बाईंकडे बघतो, त्यांचं लक्ष नाही. उठून खिडकीपर्यंत जातो, परत येतो, आधी सगळ्यात मोठा ठोकळा शोधून खाली ठेवतो. हे तो तीन वेळा करतो. म्हणजे खिडकीपाशी जाणं हा कंटाळा नव्हताच, काहीतरी जुळवून परत येणं होतं. कंटाळले होते मी, आणि ते त्या पोराच्या नावावर लिहून मोकळी झाले होते.

तेव्हापासून पदवीचा निम्मा अभ्यास याच एका शब्दाचा आहे असं मला वाटतं. सिद्धांत शिकवतात ते त्याच्या आजूबाजूला.

आता पियाजे. या विषयात पाऊल ठेवलं की हे स्विस मानसशास्त्रज्ञ (१८९६–१९८०) दारातच भेटतात, आणि नंतर प्रत्येक पेपरात. त्यांचा प्रसिद्ध प्रयोग मी पाच वर्षांच्या भाचीवर करून पाहिला. सहा-सहा बटणांच्या दोन ओळी समोरासमोर मांडल्या. “दोन्हीकडे सारखी आहेत?” “हो.” तिच्यासमोरच एक ओळ पसरवली. “आता?” “इकडे जास्त.” अगदी पुस्तकातलं उत्तर: ओळ पसरवली तरी संख्या तेवढीच राहते, हे या वयात कळत नाही! मी खूश. वर्गात सांगितलं तर मॅडमनी विचारलं, “तोच प्रश्न दोनदा का विचारलास?”

मग कळलं की १९७० च्या दशकात मॅकगॅरिगल आणि मार्गारेट डोनाल्डसन या मानसशास्त्रज्ञांनी हाच प्रयोग एका खोडकर टेडीकडून करवून घेतला होता. ओळ मोठ्या माणसाने मुद्दाम न पसरवता टेडीने येऊन विस्कटली, तर कितीतरी जास्त मुलं ‘सारखीच आहेत’ म्हणाली. दोन आठवड्यांनी मी एक कापडी अस्वल घेऊन गेले. अस्वलाने धुडगूस घातला. भाची म्हणाली, “सारखीच आहेत. त्याने नुसती पसरवली.” मग त्या दिवशी तसं का म्हणालीस? “तू परत विचारलंस ना.” मोठ्या माणसाने तोच प्रश्न पुन्हा विचारला म्हणजे आधीचं उत्तर चुकलं असणार, हा हिशोब पाच वर्षांच्या मुलीला पक्का ठाऊक होता. मला नव्हता. (माझा ‘प्रयोग’ म्हणजे एक मूल आणि एक अस्वल, मध्ये दोन आठवडे गेलेले. प्रबंध लिहायच्या लायकीचा नाही, हे आता मलाही कळतं.)

हे कळतं ते संख्याशास्त्रामुळे, आणि दुसऱ्या सेमिस्टरमध्ये मी त्याच्या नावाने बोटं मोडली होती. मुलांची आवड म्हणून येणाऱ्यांना हा पेपर चांगलाच आडवा येतो. मला त्याची किंमत कळली ती मार्शमॅलोच्या प्रयोगावरून. मानसशास्त्रज्ञ वॉल्टर मिशेल यांचं ते काम सगळ्यांनी ऐकलेलं असतं: समोरचा खाऊ लगेच न खाता थांबणारी मुलं पुढे आयुष्यातही चमकतात. २०१८ मध्ये ९०० हून अधिक मुलांच्या माहितीवर हा संबंध पुन्हा तपासला गेला. तो जेमतेम निम्मा भरला, आणि घरची परिस्थिती वगैरे हिशोबात धरल्यावर त्यातलाही बराचसा ओसरला. पालकत्वावरचे सल्ले मला पूर्वी अधाशासारखे वाचायची सवय होती. आता प्रत्येक ठाम वाक्याला मनात लाल पेन लागतं. घरच्यांना याचा त्रास होतो, ते वेगळं.

‘अजून चालत नाही’ या प्रश्नाला मात्र थोडंफार उत्तर देता येतं. जागतिक आरोग्य संघटनेने पाच देशांतल्या मुलांच्या नोंदींवरून २००६ मध्ये जे निकष प्रसिद्ध केले, त्यात आधाराशिवाय चालण्याचा पट्टा ८.२ ते १७.६ महिने आहे. एवढा रुंद! आणि ४.३ टक्के मुलं हात-गुडघ्यांवर रांगलीच नाहीत, तरी चालली. हे सांगितलं की समोरच्याचा चेहरा सैल होतो. पण पट्ट्याच्या पलीकडे गेलेल्या मुलाला डॉक्टरांना दाखवा, हेही त्याच दमात सांगावं लागतं. ही पदवी तपासणीचा परवाना देत नाही.

नावातला ‘बालपण’ हा शब्द प्रवेश घेताना मला शोभेपुरता वाटला होता. निघाला तो विषयाचा दुसरा निम्मा भाग. फिलिप आरिएस या फ्रेंच इतिहासकाराने १९६० मध्ये मांडलं की मध्ययुगीन युरोपात बालपण ही वेगळी अवस्था अशी कल्पनाच नव्हती. नंतरच्या इतिहासकारांनी जुन्या डायऱ्या, आत्मचरित्रं धुंडाळून ते बरंचसं खोडून काढलं. दोन्ही बाजू वाचून निबंध लिहायचा असतो. मला हा भाग आवडला, वर्गातल्या निम्म्यांना झोप यायची.

बालहक्कांचा पेपर कोरडा असणार असं धरून चालले होते. २० नोव्हेंबर १९८९, संयुक्त राष्ट्रांचा करारनामा, ५४ कलमं, पाठ करा आणि लिहा. पण बाराव्या कलमाने मला गाठलं: स्वतःचं मत बनवू शकणाऱ्या मुलाला, त्याच्याशी संबंधित प्रत्येक गोष्टीत ते मांडायचा हक्क आहे. म्हणून निरीक्षणाआधी पालकांची सही पुरत नाही, मुलालाही विचारायचं. एका चार वर्षांच्या मुलीला विचारलं, “तू खेळताना मी इथे बसून लिहू?” ती म्हणाली, “नको.” झालं. सबमिशन चार दिवसांवर, संमतीपत्र हातात, आणि वही बंद करून मला उठावं लागलं. त्या दुपारी कलम बारा मला अजिबात आवडलं नाही.

मनावर येणारा भागही आहे, तो कुणी आधी सांगत नाही. मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रॉनिक यांच्या ‘निश्चल चेहऱ्या’च्या प्रयोगाचं चित्रण वर्गात दाखवलं. आई आधी बाळाशी खेळते, मग ठरल्याप्रमाणे चेहरा निर्विकार ठेवते. बाळ हसून बघतं, बोट दाखवतं, हात पुढे करतं, किंचाळतं, शेवटी तोंड फिरवतं. हे सगळं दोन-तीन मिनिटांत. वर्गात दोघी स्वतः आई असलेल्या होत्या, त्यातली एक उठून बाहेर गेली. मॅडमनी तिला बोलावून आणलं आणि पुढचा तुकडा दाखवला: आई पुन्हा हसते, बाळ सावरतं. अशी ताटातूट रोजच्या व्यवहारात होतच असते, सांधणं महत्त्वाचं, असं ट्रॉनिकच म्हणतात. इंटरनेटवर फिरणाऱ्या तुकड्यात हा शेवट पुष्कळदा कापलेला असतो. रुमानियातल्या अनाथालयांत मायेविना वाढलेल्या मुलांवरचं प्रकरण याहून जड आहे. ते रात्री वाचू नका.

तक्रारी. वाचनसाहित्यातली मुलं बहुतेक मोजक्या श्रीमंत पाश्चात्त्य देशांतली. २०१० मध्ये मानसशास्त्रातल्या संशोधकांनीच यावर बोट ठेवलं होतं, तरी आमच्या वाचनयादीत ती टीका एका तासात आटोपली आणि पुढच्या तासाला आम्ही परत त्याच मुलांवर. दुसरी तक्रार फील्डवर्कची. एका ठिकाणी मला निरीक्षण करायचं होतं, त्यांना फुकटचे दोन हात हवे होते. सहा आठवडे मी बुटांच्या नाड्या बांधल्या आणि सांडलेलं पाणी पुसलं. विभागाला कळवलं, तर ‘अनुभव समजा’ असं उत्तर आलं. (नाड्या बांधता बांधता तीन वर्षांची मुलं मदत नाकारतात कशी, यावर माझी सगळ्यात चांगली असाइनमेंट झाली, हे त्यांना सांगितलेलं नाही.)

नोकरीचं म्हणाल तर या एका पदवीवर समुपदेशक, स्पीच थेरपिस्ट किंवा बालमानसशास्त्रज्ञ होता येत नाही. त्यासाठी पुढचं वेगळं शिक्षण लागतं. बालशिक्षण, मुलांसाठी काम करणाऱ्या संस्था, संशोधनातली मदतनिसाची कामं, इथे दार उघडतं. ‘मला मुलं आवडतात’ एवढ्याच भांडवलावर आलेले आमच्या तुकडीतले काहीजण दुसऱ्या सेमिस्टरला गळाले. स्वतःचं मूल वाढवायला म्हणून येणाऱ्यांनी तर येऊच नये. उत्तरं कमी होतात, प्रश्न वाढतात, आणि मूल तोवर मोठं होतं.

प्रवेश घेणारच असाल तर माहितीपत्रकातल्या विषयांच्या नावांवर जाऊ नका. विभागात जाऊन विचारा: मुलांसमोर प्रत्यक्ष किती तास बसायला मिळतं, कितव्या सेमिस्टरपासून, आणि निरीक्षणाच्या वह्या कोण तपासतं. शेवटचा प्रश्न नक्की विचारा. आमच्याकडे तिसऱ्या सेमिस्टरला तपासणारे बदलले. तेव्हापासून माझ्या प्रत्येक पानावर नुसती बरोबरची खूण येते.